पोथ्यांची यादी व डेटाबेस-सर्व्हर : लिनक्सवरील स्थापनेचा क्रम

१. प्रास्ताविक. — ऐतिहासिक साधनांच्या संग्रहांत पोथीइतकेंच महत्त्व पोथीच्या यादीस असतें. पोथी आहे पण यादी नाहीं, अशा संग्रहांतील ग्रंथ संशोधकाच्या दृष्टीनें नसल्यासारखाच होय. आणि पोथी गेली पण यादी राहिली, तर काय गेलें एवढें तरी कळतें. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. त्या दिवशीं ज्या घरांतील कागद भिजून गेले, त्यांत काय होतें हें यादीवांचून आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. थिओडोर ऑफ्रेख्त यानें १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ प्रसिद्ध केला, तो प्रामुख्यानें इतरांनीं केलेल्या याद्यांच्या आधारावर. त्या मूळ याद्या करणारांनीं आपलें काम केलें नसतें, तर ऑफ्रेख्ताची विद्वत्ता कोणत्या पायावर उभी राहती?

आज याद्या संगणकावर होतात; परंतु बहुतेक संग्राहक त्या ‘स्प्रेडशीट’च्या एकाच लांबलचक तक्त्यांत करतात. माझ्या पाहण्यांतील एका खासगी संग्रहाच्या अशा चार याद्या निघाल्या. चारहींवर ‘अंतिम’ असा शेरा होता, चारहींत पोथ्यांची संख्या वेगळी होती, आणि संग्राहक वारल्यामुळें खरी कोणती हें सांगणारा कोणी उरला नव्हता. हा दोष त्या गृहस्थांचा नव्हे, साधनाचा आहे. त्यावर जो उपाय आहे, त्याचें स्वरूप व तो स्वतःच्या संग्रहापुरता अमलांत आणण्याचा क्रम प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे.

२. संबंधाधिष्ठित पद्धतीचें स्वरूप. — आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील संशोधनशाळेंतील गणितज्ञ एडगर कॉड यानें १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध करून असें प्रतिपादिलें कीं, माहितीचा मोठा सांठा साध्या कोष्टकांत विभागून ठेवावा, आणि एका कोष्टकांतील ओळीचा दुसऱ्यांतील ओळीशीं असलेला संबंध केवळ समान अंकानें दाखवावा. यासच संबंधाधिष्ठित किंवा ‘रिलेशनल’ पद्धति म्हणतात. तिचें मर्म एका वाक्यांत सांगावयाचें तर, जी गोष्ट एकदां सांगून भागते ती दोनदां सांगूं नये. सूत्रवाङ्मयाचा ज्यांस परिचय आहे, त्यांस हें लाघव अपरिचित वाटणार नाहीं. पूर्वसूत्रांतील पद अनुवृत्तीनें पुढें येतें, तें पुन्हां उच्चारावें लागत नाहीं; तसेंच येथें ग्रंथकर्त्याचें नांव एकाच ठिकाणीं लिहिलें जातें, आणि शंभर पोथ्या त्याच्याकडे बोट दाखवितात.

उदाहरणार्थ, कवि मोरोपंत घ्या. एकाच यादींत तो कोठें ‘मोरोपंत’, कोठें ‘मयूर’, कोठें ‘पराडकर’ अशा नांवांनीं येतो. एकाच तक्त्याच्या यादींत हे तीन कवि होतात. संबंधाधिष्ठित यादींत मोरोपंतास एकच क्रमांक असतो, त्याचीं नामांतरें वेगळ्या कोष्टकांत असतात, आणि कोणत्याहि नांवानें शोधलें तरी सर्व पोथ्या एकत्र समोर येतात.

३. सामग्री. — अशीं कोष्टकें सांभाळणारा, अनेकांच्या पृच्छांस एकाच वेळीं उत्तर देणारा व नियमभंग होऊं न देणारा जो कार्यक्रम संगणकावर अहोरात्र चालतो, त्यास डेटाबेस-सर्व्हर म्हणतात. प्रस्तुत कामास मी ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ सुचवितों. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर याच्या देखरेखीखालीं १९८६ त त्याचा आरंभ झाला, व १९९६ त त्यास हें नांव मिळालें. संगणकाची मूळ व्यवस्था म्हणून ‘लिनक्स’ घ्यावी. तिचें बीज लिनस टोरवाल्ड्स यानें हेलसिंकी येथें विद्यार्थिदशेंत असतांना १९९१ त पेरलें. तिचा ‘डेबियन’ नांवाचा संच १९९३ पासून स्वयंसेवक मिळून तयार करीत आले आहेत. दोहोंसहि मूल्य पडत नाहीं. दोहोंचा मूळ लेख कोणासहि वाचतां येतो, ही गोष्ट संग्राहकास विशेष मोलाची आहे. कारण एखादी कंपनी बुडाल्यानें आपली यादी कुलूपबंद होण्याचें भय त्यांत राहत नाहीं. पन्नास हजार नोंदींच्या यादीस चार गिगाबाइट स्मृतीचा जुना संगणकहि पुरतो.

४. स्थापना. — पुढील आज्ञा सोयीसाठीं नागरींत दिल्या आहेत. यंत्रापुढें त्या रोमन लिपींत व लहान अक्षरांत टंकाव्या. प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ या आज्ञेनें संचांची सूचि ताजी करावी. नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेस्क्यूएल’ ही आज्ञा द्यावी. जून २०२३ मध्यें निघालेल्या डेबियन १२ वर या आज्ञेनें पोस्टग्रेसची १५ वी आवृत्ति बसते, ‘पोस्टग्रेस’ नांवाचा एक स्वतंत्र वापरकर्ता निर्माण होतो, व सर्व्हर आपोआप चालूं होतो. ‘पीजी-एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा दिली असतां सर्व्हरची आवृत्ति, ५४३२ हा त्याचा द्वारक्रमांक व तो चालूं आहे कीं बंद, हें एका ओळींत दिसतें.

दोन ठिकाणें ध्यानांत ठेवावीं. व्यवस्थेच्या फाइली ‘ईटीसी’ या कप्प्यांतील ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ या उपकप्प्यांत असतात. प्रत्यक्ष माहिती ‘व्हार’ कप्प्यांतील ‘लिब’ मध्यें असते. पहिल्या ठिकाणच्या फाइली मनुष्यानें वाचण्याच्या व बदलण्याच्या आहेत. दुसऱ्या ठिकाणच्या फाइलींस हात लावूं नये.

५. वर्णक्रमाची निवड. — येथें बहुतेक मार्गदर्शक पुस्तकें घाईनें पुढें जातात. आपण थांबलें पाहिजे. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत प्रत्येक अक्षरास एक अंक आहे, आणि निराळें कांहीं सांगितलें नाहीं तर संगणक त्या अंकांच्या क्रमानें यादी लावूं शकतो. त्या क्रमांत ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढें व ‘व’ च्या आधीं येतो, आणि ‘क्ष’ हें जोडाक्षर ‘क’ च्या पोटांत पडतें. आपल्या वर्णमालेंत तर ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचें स्थान ‘ह’ नंतर आहे. म्हणून डेटाबेस निर्माण करतांनाच, ‘क्रिएटडीबी’ या आज्ञेबरोबर, संकेत ‘यूटीएफ-८’, क्रमदाता ‘आयसीयू’, भाषा ‘एमआर’ म्हणजे मराठी, व नमुना ‘टेम्प्लेट-शून्य’ असें स्पष्ट सांगावें. संपूर्ण डेटाबेसास आयसीयूचा क्रम लावण्याची सोय १५ व्या आवृत्तीपासूनच झाली आहे. हा क्रम मागाहून सहज बदलतां येत नाहीं. तेव्हां कमल, कमळ, कृष्ण, क्षमा, जनक, ज्ञानदेव, हरि अशीं दहावीस नांवें आधीं घालून तीं आपल्या कोशाच्या क्रमानें लागतात कीं नाहीं हें ताडून पाहावें. पुढें आयसीयूची आवृत्ति बदलली, तर सर्व्हर तशी सूचना देतो. ती मिळतांच ‘रीइंडेक्स’ ही आज्ञा देऊन सर्व अनुक्रमण्या नव्यानें बांधाव्या.

दुसरी अडचण लेखनाची आहे. ‘दऱ्या’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारांनीं टंकतां येतो: एक, टिंब दिलेल्या ‘ऱ’ ला हलन्त चिन्ह जोडून, दुसरा, साध्या ‘र’ ला हलन्त चिन्ह व एक अदृश्य सांधा जोडून. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, यंत्रास नाहीं. एका प्रकारें लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारें शोधल्यास सांपडत नाहीं. म्हणून कोणता प्रकार वापरावयाचा हें पहिल्याच दिवशीं ठरवून लेखनिकांस सांगावें. मोडी लिपीसहि २०१४ पासून युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें आहे. तथापि यादी बाळबोधींत ठेवणें शोधाच्या दृष्टीनें श्रेयस्कर.

६. द्वाररक्षण व अधिकार. — सर्व्हर बसला कीं तो प्रथम केवळ स्वतःच्याच यंत्रावरील हांक ऐकतो. संस्थेच्या खोलींतील इतर संगणकांवरून काम करावयाचें असेल, तर ‘पोस्टग्रेस्क्यूएल-कॉन्फ’ या फाइलींतील ‘लिसन-ॲड्रेसेस’ या ओळींत त्या यंत्राचा खोलींतील पत्ता घालून सर्व्हर नव्यानें सुरूं करावा. कोणास आंत घ्यावें याचे नियम ‘पीजी-एचबीए-कॉन्फ’ या फाइलींत असतात. प्रत्येक ओळींत मार्ग, डेटाबेस, व्यक्ति, पत्ता व ओळख पटविण्याची रीति सांगितलेली असते. त्याच यंत्रावरील माणसास ‘पीअर’ ही रीति पुरे. तींत लिनक्सनेंच दिलेली ओळख प्रमाण धरली जाते. बाहेरून येणारास ‘स्क्रॅम-शा-२५६’ ही संकेतशब्दाची रीति लावावी. ‘ट्रस्ट’ ही रीति कोणाचीहि ओळख न पटवितां आंत घेते, म्हणून ती वर्ज्य समजावी.

या फाइलीचा एक विशेष वैयाकरणांनीं नीट लक्षांत ठेवावा. पाणिनीच्या शास्त्रांत दोन समबल नियमांचा विरोध आला असतां पुढचा नियम बलवान ठरतो. येथें उलट आहे. फाइल वरून खालीं वाचली जाते, जी पहिली ओळ लागूं पडेल तीच निर्णायक होते, आणि त्या ओळीप्रमाणें ओळख पटली नाहीं तरी पुढची ओळ पाहिली जात नाहीं. यास्तव विशेष नियम वर व सामान्य नियम खालीं लिहावे. बदल केल्यावर सर्व्हरास ‘रीलोड’ सांगितलें कीं पुरे. ५४३२ हें द्वार मात्र इंटरनेटास कधींहि उघडें ठेवूं नये.

अधिकाराच्या तीन पायऱ्या कराव्या. ‘वाचक’ यानें फक्त पाहावें. ‘लेखनिक’ यानें भर घालावी व दुरुस्ती करावी, परंतु पुसूं नये. कोष्टकांची रचना बदलण्याचा अधिकार एका ‘व्यवस्थापका’कडे असावा. ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें नित्याचें काम करूं नये. पोथी कोणाच्या घरीं आहे व तिचें मूल्य काय, हे रकाने सर्वांस दाखविणें धोक्याचें आहे. चोरांसहि याद्या वाचतां येतात. म्हणून ते रकाने वगळून एक ‘व्ह्यू’, म्हणजे कोष्टकाचें निवडक दर्शन, तयार करावें व वाचकास त्याचाच अधिकार द्यावा.

७. कोष्टकांची मांडणी. — यादीचा एकक ‘पोथी’ धरला कीं गोंधळास आरंभ होतो. कारण एका बाडांत पांच ग्रंथ असतात, आणि एका ग्रंथाच्या प्रति पन्नास बाडांत असतात. म्हणून पांच कोष्टकें करावीं. (अ) ग्रंथ : नांव, विषय, भाषा. (आ) व्यक्ति : नांव, घराणें, गांव, नामांतरें जोडकोष्टकांत. (इ) हस्तलिखित : म्हणजे हातांत धरतां येते ती वस्तु; तिचा दाखल-अंक, ठेवण्याचें ठिकाण, लांबी-रुंदी, पत्रसंख्या. (ई) प्रति : कोणत्या हस्तलिखितांत कोणता ग्रंथ, कोणत्या पत्रापासून कोणत्या पत्रापर्यंत, पूर्ण कीं त्रुटित, व पुष्पिकेचा अक्षरशः उतारा. (उ) नातें : कोणत्या प्रतीशीं कोणत्या व्यक्तीचा कोणता संबंध, कर्ता, टीकाकार, लिपिकार कीं मालक. एकच गृहस्थ एका प्रतीचा टीकाकार व दुसरीचा लिपिकार असला, तरी या मांडणींत कांहीं बिघडत नाहीं.

कोष्टकांचीं व रकान्यांचीं नांवें नागरींतहि चालतात. मात्र नांवास ६३ बाइटांची मर्यादा आहे, आणि नागरींतील प्रत्येक चिन्हास, काना-मात्रेसहि, तीन बाइट लागतात. म्हणजे एकवीस चिन्हांच्या आंत नांव आटपावें.

प्रत्येक ओळीस एक मुख्य अंक असतो, आणि दुसऱ्या कोष्टकांतील उल्लेख त्या अंकानेंच होतो. अशा उल्लेखास परकीय अंकाचा निर्बंध लावला, कीं ज्या लिपिकाराकडे एकहि प्रति बोट दाखवीत आहे, त्याची नोंद सर्व्हर पुसूं देत नाहीं. लेखनिक थकलेला असेल, नवखा असेल. नियम थकत नाहीं. तसेंच दोन-तीन कोष्टकांत एकदम करावयाचा बदल ‘बिगिन’ व ‘कमिट’ या दोन शब्दांच्या मध्यें घालावा, म्हणजे तो सर्व घडतो किंवा मुळींच घडत नाहीं. अर्धवट बदलाची स्थिति यादींत उरत नाहीं.

८. कालनिर्देश. — मितीचा रकाना हा सर्वांत नाजूक. पोस्टग्रेसचा दिनांक-प्रकार सर्व काळास ग्रेगोरियन गणनाच लावतो. जेधे शकावलींतील शिवजन्माची मिति घ्या: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार. हिचा दिनांक आपण १९ फेब्रुवारी १६३० असा लिहितों, तो जुन्या ज्युलियन गणनेचा. तोच अंक तसाच भरला तर सर्व्हर त्या दिवसाचा वार मंगळवार सांगेल. ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १ मार्च १६३० होय, आणि तो भरला म्हणजे वार शुक्रवार येतो. म्हणून तीन रकाने ठेवावे: पहिल्यांत पुष्पिकेंतील मिति जशीच्या तशी, दुसऱ्यांत शक-अंक, संवत्सर, मास व तिथि वेगवेगळीं, तिसऱ्यांत ग्रेगोरियन दिनांकांची व्याप्ति, ‘अमुकपासून अमुकपर्यंत’. अशा व्याप्तीसाठीं ‘डेट-रेंज’ हा प्रकार २०१२ पासून उपलब्ध आहे. नुसता शक दिलेला असेल तर संपूर्ण वर्षाची व्याप्ति भरावी. खोटी निश्चितता भरूं नये.

शक व संवत्सर यांचा मेळहि सर्व्हरकडून तपासून घेतां येतो. शक-अंकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तो प्रभवापासूनचा संवत्सर-क्रमांक, व बाकी शून्य उरल्यास साठावा क्षय. १५५१ मध्यें १२ मिळविले कीं १५६३. बाकी ३, म्हणजे प्रभव, विभव, शुक्ल. मेळ बसला. परंतु ही तपासणी निर्बंध म्हणून न ठेवतां सूचना म्हणून ठेवावी. कारण नर्मदेच्या उत्तरेकडील पोथ्यांत संवत्सरचक्र निराळें चालतें, आणि लिपिकाराच्या हातूनहि चूक होते. पुष्पिकेंतील चूक हाहि पुरावाच असतो. यंत्राच्या शिस्तीसाठीं तो नाकारूं नये.

९. स्मृति व कीर्द. — सर्व्हरच्या व्यवस्थेंत शेंकडों कळी आहेत. आपणांस एक-दोनच फिरवावयाच्या. ‘शेअर्ड-बफर्स’ म्हणजे सर्व्हर वापरतो ती सामायिक स्मृति. ती मुळांत १२८ मेगाबाइट असते. केवळ याच कामास वाहिलेल्या यंत्रावर ती एकंदर स्मृतीच्या चतुर्थांशापर्यंत वाढवावी व सर्व्हर नव्यानें सुरूं करावा. ‘एफसिंक’ ही कळ मात्र कधींहि बंद करूं नये. आपल्या पेढ्यांवर व्यवहार प्रथम कीर्दींत लिहून मग खतावणींत नेत असत. सर्व्हरहि प्रत्येक बदल प्रथम आपल्या कीर्दींत लिहितो व मग मूळ कोष्टकांत नेतो. मध्येंच वीज गेली तरी कीर्दीवरून खतावणी पुन्हां उभी राहते. ‘एफसिंक’ बंद करणें म्हणजे कीर्द कागदावर उतरली कीं नाहीं हें न पाहतांच पुढें जाणें होय. वेग वाढतो, विश्वास जातो.

१०. प्रतिरक्षण. — सर्व्हर चालूं असतां त्याच्या माहितीच्या कप्प्याची नुसती नक्कल करून ठेवणें हें रक्षण नव्हे. ती नक्कल उघडेलच असा भरंवसा नाहीं. ‘पीजी-डम्प’ या साधनानें, ‘कस्टम’ प्रकारांत, रोज रात्रीं ‘क्रॉन’च्या द्वारें प्रति काढावी. इतर लोक काम करीत असले तरी ही प्रति एका क्षणाची सुसंगत स्थिति दाखविते. तींत वापरकर्ते व त्यांचे संकेतशब्द येत नाहींत. त्यांसाठीं ‘पीजी-डम्पऑल’ यास ‘ग्लोबल्स-ओन्ली’ असें सांगून वेगळी प्रति घ्यावी. एक प्रति त्याच खोलींत, एक दुसऱ्या घरीं व एक दुसऱ्या गांवीं ठेवावी. तीन महिन्यांतून एकदां कोऱ्या डेटाबेसांत ‘पीजी-रिस्टोअर’नें प्रति उतरवून ओळींची संख्या मूळाशीं जुळते कीं नाहीं हें पाहावें. उतरवून न पाहिलेली प्रति ही प्रति नव्हे. शिवाय वर्षांतून एकदां सर्व कोष्टकें साध्या मजकुराच्या रूपानें काढून कागदावर छापावीं. कागद वाचण्यास यंत्र लागत नाहीं.

प्रत्येक मुख्य आवृत्तीची दुरुस्ती पांच वर्षें चालते. १५ वी आवृत्ति ऑक्टोबर २०२२ त निघाली. तिची मुदत नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे. तत्पूर्वीं डेबियनच्या ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ या साधनानें पुढील आवृत्तीवर जावें. जाण्याआधीं प्रति काढावी हें सांगणें नलगे.

११. उपसंहार. — वरील सर्व काम नवख्या माणसास आठ-दहा दिवसांचें आहे. नोंदी भरण्याचें काम मात्र वर्षांचें आहे, व तें कोणतेंहि यंत्र आपल्यासाठीं करणार नाहीं. पत्रें मोजणें, पुष्पिका वाचणें, हात ओळखणें हीं कामें पूर्वींप्रमाणेंच डोळ्यांचीं व अभ्यासाचीं राहतील. सर्व्हर एवढेंच करतो कीं, केलेलें काम करणाराच्या मागें नाहींसें होऊं देत नाहीं. संग्राहकांनीं एक गोष्ट अवश्य करावी. सर्व्हरचा पत्ता, अधिकाऱ्याचा संकेतशब्द, प्रति कोठें आहेत व त्या कशा उतरवाव्या, हें एका कागदावर स्वच्छ बाळबोधींत लिहून तो कागद पोथ्यांच्याच फडताळांत, पहिल्या रुमालावर, ठेवावा. तें फडताळ कधीं ना कधीं दुसरा कोणी उघडणार आहे. त्यास पहिला कागद हा सांपडावा.